ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

बक्षीस मिळाले की वर्तन वाढते, हे धन प्रबलन. ते सर्वांना ठाऊक आहे, त्यावर वेळ दवडण्याचे कारण नाही. घोळ होतो तो ऋण प्रबलनाशी. ठाण्यापासून वाशीपर्यंत पालकांच्या कार्यशाळांमध्ये मुलाला रागावणे, वर्गाबाहेर उभे करणे आणि मोबाइल काढून घेणे ही सर्व ‘ऋण प्रबलना’ची उदाहरणे म्हणून सर्रास खपवली जातात. या तिन्ही गोष्टी शिक्षेत मोडतात. प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वर्तन वाढतेच. शिक्षेने ते घटते. ‘ऋण’चा अर्थ एवढाच, की काहीतरी काढून घेतले गेले.

घोडबंदर रस्त्यावर पट्टा न लावता गाडी काढली, की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतो आणि कान किटवणारी टिंगटिंग सुरू होते. पट्टा खटकन बसताच ती थांबते, म्हणून पुढच्या खेपेस चालकाचा हात लवकर पट्ट्याकडे जातो. एक वर्तन वाढले, तेही त्रास दूर झाल्यामुळे. हे ऋण प्रबलन. त्याच चालकाला तीन हात नाक्यावर ई-चलान मिळाले आणि परिणामी पट्ट्याविना गाडी हाकणे कमी झाले, तर ती शिक्षा. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगाच्या पेटीतील उंदरालाही जमिनीतून विजेचा सौम्य धक्का बसे व कळ दाबली की तो बंद होई. उंदीर कळ अधिकाधिक दाबू लागे. त्याला कळ दाबल्याची शिक्षा झाली, असे कोणीही म्हणणार नाही.

मात्र त्रास ज्या कृतीने थांबतो तीच कृती बळावते, मग ती आपल्याला हवी असलेली असो वा नसो. पट्ट्याऐवजी खाचेत नुसती धातूची क्लिप खोचली तरी टिंगटिंग बंद होते, म्हणून क्लिप खोचण्याची सवयही तितकीच पक्की होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ मध्ये अशा क्लिपांच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध आदेश काढावे लागले, ते उगाच नव्हे.

तलावपाळीवर फुग्यासाठी भोकाड पसरणारे मूल आणि अखेर फुगा घेऊन देणारी आई, या प्रसंगात तर दोन्ही प्रबलने एकाच क्षणी घडतात. मुलाला रडण्याचे फळ मिळाले, हे धन प्रबलन सर्वांना दिसते. रडणे थांबल्यामुळे आईचे नमते घेणे बळावले, हे ऋण प्रबलन मात्र कोणी मोजत नाही, आणि ‘मूल हट्टी झाले’ असा एकतर्फी निष्कर्ष काढला जातो. त्यातही आई बहुतेक वेळा ठाम राहून अधूनमधून विरघळत असेल, तर ते अंशतः प्रबलन होते. असे रडणे, दर वेळी फुगा मिळत असलेल्या मुलाच्या रडण्यापेक्षा, फुगे पूर्ण बंद केल्यावरही अधिक काळ टिकते.