बिहेव्ह (इंग्रजी क्रियापद)

वर्तन दाखवणारे नित्याचे इंग्रजी क्रियापद. उच्चार 'बिहेव्ह', आघात 'हे'वर. स्पेलिंगच्या शेवटी ओळखीचे 'हॅव' दिसते म्हणून 'बिहॅव' असा उच्चार सर्रास होतो. तो चूक आहे. नाम 'बिहेव्हियर'. रोजच्या भाषेत ते मोजता येत नाही, म्हणून 'अ गुड बिहेव्हियर' लिहू नये.

या क्रियापदासोबत कसे वागला ते सांगणारे क्रियाविशेषण येते: 'ही बिहेव्ड बॅडली'. इथे 'बॅड' किंवा 'गुड' चालत नाही. काहीच जोडले नाही, तर अर्थ 'नीट वागणे' असा होतो. 'डिड द चिल्ड्रन बिहेव्ह?' म्हणजे पोरे शहाण्यासारखी वागली का? 'बिहेव्ह युवरसेल्फ!' हा दटावणीचा प्रयोग. कोल्हापुरात पोराला 'नीट ऱ्हा की!' म्हणतात, तीच ही जागा. अनेकांना उद्देशून 'युवरसेल्व्ह्ज'. वडीलधाऱ्यांना असे म्हटले तर तो अपमानच.

मराठी माणूस खरा अडखळतो तो 'शी' या प्रत्ययापाशी. 'कंडक्टर माझ्याशी उद्धटपणे वागला' याचे 'बिहेव्ड रूडली विथ मी' होते. भारतात ते रुळले आहे, पण ब्रिटिश प्रमाण इंग्रजीत 'टुवर्ड्स मी' आणि अमेरिकन प्रमाण इंग्रजीत बहुधा 'टुवर्ड मी' लिहितात. परीक्षेत 'टुवर्ड्स'च लिहावे. गुण सांगताना मात्र 'विथ' योग्यच: खासबागेत कुस्ती हरूनही पैलवान 'बिहेव्ड विथ डिग्निटी'.

'आत्यानं मला चांगलं वागवलं' याचे 'बिहेव्ड मी वेल' कधीच होत नाही. 'युवरसेल्फ'सारखे आत्मवाचक सर्वनाम सोडले, तर 'बिहेव्ह'ला कर्म चालत नाही. त्यामुळे 'आय वॉज बिहेव्ड बॅडली' हा कर्मणी प्रयोगही चुकतो. तिथे 'ट्रीट' हवे: 'शी ट्रीटेड मी वेल', 'आय वॉज ट्रीटेड बॅडली'. मराठीत 'वागणे' आणि 'वागवणे' वेगळे आहेतच. 'वागणे' असेल तिथे 'बिहेव्ह', 'वागवणे' असेल तिथे 'ट्रीट', एवढे आधी पाहिले की निम्म्या चुका टळतात.

तुलना करताना 'लाइक'पुढे नाम येते, 'ॲज इफ'पुढे पूर्ण वाक्य: 'ही बिहेव्ज लाइक अ चाइल्ड', 'ही बिहेव्ज ॲज इफ ही ओन्ड द शॉप'. दुकान त्याचे नाही, म्हणून 'ओन्ड' हे भूतकाळी रूप.

निर्जीव वस्तूंनाही हे क्रियापद चालते. गुऱ्हाळातला पाक दमट हवेत वेगळा वागतो: 'द सिरप बिहेव्ज डिफरंटली इन डॅम्प वेदर'. अशा वाक्यात चांगले-वाईट असा निवाडा नसतो, फक्त गुणधर्म सांगितलेला असतो.