कॅपल केलिन : धरणाखाली गेलेले चॅपल आणि शाळा

उत्तर वेल्समधील बाला या शहराजवळ, त्रिवेरिन नदीच्या खोऱ्यात, कॅपल केलिन नावाचे छोटे खेडे होते. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी तेथे धरण बांधण्यात आले आणि १९६५ पर्यंत चॅपल (ख्रिस्ती प्रार्थनागृह), शाळा, टपाल कार्यालय आणि बारा घरे व शेतवाड्या पाण्याखाली गेल्या. तेथील ६७ रहिवाशांपैकी ४८ जणांना घर सोडावे लागले. विस्थापितांची संख्या पाहता घटना लहान वाटेल. परंतु तेथे काय मोडले गेले, ते या आकड्यातून कळत नाही.

वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात ग्रामीण जनतेचा मोठा भाग प्रस्थापित अँग्लिकन चर्चपासून दूर जाऊन मेथडिस्ट व तत्सम पंथांच्या चॅपलकडे वळला होता. ही चॅपले केवळ रविवारच्या उपासनेपुरती नव्हती. तेथील रविवारच्या शाळेत मुलांबरोबर प्रौढही बसत आणि वेल्श भाषेतील बायबल वाचत. सामूहिक गायन, काव्यस्पर्धा, विवाह आणि अंत्यविधी यांचेही तेच ठिकाण असे. शासनव्यवहाराची भाषा इंग्रजी असताना वेल्श भाषा लिहिती-वाचती राहिली, याचे मोठे श्रेय या चॅपलांना द्यावे लागते. कॅपल केलिन हे वेल्श भाषेतच सारा व्यवहार चालणाऱ्या अशा गावांपैकी एक होते. त्याच खोऱ्यात हाफोद फादोग या शेतावर क्वेकर या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे जुने सभास्थान आणि दफनभूमीही होती. बाला परिसरातील अनेक क्वेकर सतराव्या शतकात छळाला कंटाळून पेनसिल्व्हेनियात गेले होते.

लिव्हरपूलने वेल्समधील गाव बुडवण्याची ही पहिली वेळ नव्हती. १८८० च्या दशकात त्याच शहरासाठी व्हर्नवी धरण बांधताना लानवुद्दिन हे गाव तेथील चर्चसह पाण्याखाली गेले होते. १९५० च्या दशकात लिव्हरपूलच्या पालिकेने त्रिवेरिनची निवड केली आणि वेल्समधील स्थानिक संस्थांकडे परवानगी मागण्याऐवजी आपले विधेयक थेट ब्रिटिश संसदेत नेले. ही वाट कायदेशीर होती, पण ज्यांची जमीन जाणार होती त्यांच्या निवडून आलेल्या संस्थांना तिने बाजूला सारले, आणि पुढचा सारा संताप मुख्यतः यातूनच उपजला. नोव्हेंबर १९५६ मध्ये गावकरी मुलाबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चाने गेले. १९५७ मध्ये कायदा संमत झाला, तेव्हा वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नव्हते. तरीही बहुमताच्या हिशेबात त्याने काही फरक पडला नाही.

गाव एका दिवसात रिकामे झाले नाही. खोऱ्यातून जाणारा रेल्वेमार्ग १९६० च्या सुमारास बंद झाला. १९६३ च्या उन्हाळ्यात शाळा बंद झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चॅपलमध्ये शेवटची उपासना झाली. सर्वांत कठीण प्रश्न दफनभूमीचा होता. आपल्या माणसाचे अवशेष हलवायचे की तेथेच ठेवायचे, हे प्रत्येक कुटुंबाला ठरवावे लागले. काही मोजके मृतदेह उकरून इतरत्र पुरण्यात आले. उरलेल्यांवरच्या शिळा काढून जमिनीवर काँक्रीट ओतण्यात आले. पिढ्यानपिढ्या एकाच आवारात शेजारी राहिलेल्या मृतांचीही अशी फाळणी झाली. काढलेल्या शिळांपैकी काही जलाशयाच्या काठी बांधलेल्या स्मारक-चॅपलच्या परिसरात ठेवल्या आहेत.

२१ ऑक्टोबर १९६५ रोजी धरणाच्या उद्घाटनाला निदर्शकांनी ध्वनिक्षेपकाच्या तारा तोडल्या आणि समारंभ काही मिनिटांतच आटोपावा लागला. पुढल्याच वर्षी, १९६६ मध्ये, कार्मार्दनच्या पोटनिवडणुकीत ग्विनफोर इव्हान्स निवडून आले आणि प्लाइद कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षाला पहिला खासदार मिळाला. या विजयाची कारणे अनेक असली, तरी त्रिवेरिनची आठवण त्या काळच्या राजकारणातून वगळता येत नाही. त्याच दशकात लानरिस्टिडजवळच्या एका पडक्या भिंतीवर ‘त्रिवेरिन विसरू नका’ अशा आशयाची वेल्श अक्षरे रंगवली गेली आणि ती पुनःपुन्हा रंगवली जात आहेत. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने ऑक्टोबर २००५ मध्ये जाहीर माफी मागितली. तोवर त्या शाळेत शेवटच्या वर्षी बसलेली मुले पन्नाशीच्या आसपास पोहोचली होती.