पाऊस बदनाम, वारा नामानिराळा

आई सांगलीची. तिच्या लेखी पूर म्हणजे श्रावण, कोयनेतून सुटलेलं पाणी आणि आयर्विन पुलाची पातळी. त्यामुळे जानेवारीतल्या एका संध्याकाळी पेनसिल्वेनियातून फोनवर मी म्हणाले, "उद्या इथे पुराचा इशारा आहे," तेव्हा तिने आधी हसून घेतलं. "अगं, जानेवारीत कसला पूर? तुमच्याकडे तर गुडघाभर बर्फ आहे ना?"

बर्फ आहे म्हणूनच पूर, असं मी ऐटीत सांगितलं. त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "मग तो वितळायला ऊन कुठंय?"

ऊन नव्हतंच. तीन दिवस मळभ होतं. दक्षिणेकडून उबदार, ओलसर वारा भणाणत होता आणि अंगणातल्या बर्फावर धुकं रेंगाळत होतं. पावसाने वितळेल, असं काहीतरी पुटपुटून मी विषय बदलला. उत्तर चुकीचं होतं हे नंतर, आकडेमोड करायला बसल्यावर कळलं. इथल्या बातम्यांतही सगळे पावसाचंच नाव घेतात. खरा उद्योग मात्र दुसऱ्याचाच असतो.

साधा हिशेब करू. बर्फ शून्य अंशावर आला तरी आपोआप पाणी होत नाही. एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला 334 किलोज्यूल उष्णता ओतावी लागते. शाळेत 'अप्रकट उष्मा' म्हणून गुणांपुरती पाठ केलेली गोष्ट ती हीच. आता समजा 10 अंश सेल्सिअस तापमानाचा एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर पाऊस बर्फावर पडला. हे पाणी दहा अंशांवरून शून्यावर येताना जेवढी उष्णता देईल, तेवढ्यात फक्त 3 मिलिमीटर पाण्याएवढा बर्फ वितळतो. नुसत्या कोमट पावसाने गुडघाभर बर्फ हटवायचा तर पावसाला आठवडाभर मुक्काम ठोकावा लागेल.

आता मोदकपात्राकडे या. झाकण काढताना मनगटावर वाफ आली की बसणारा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त झोंबतो, हे गणपतीत ज्याने एकदा तरी मोदक उकडलेत त्याला सांगायला नको. वाफ त्वचेवर येऊन तिचं पाणी होतं आणि त्या क्षणी तिच्यात साठलेली सगळी उष्णता ती तुमच्या हातावर रिकामी करते. बर्फाच्या बाबतीतही हेच घडतं, फक्त तिथे वाफ डोळ्यांना दिसत नाही. दमट हवेतलं बाष्प शून्य अंशाच्या बर्फाला टेकलं की त्याचं पाणी होतं. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे 2500 किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणजे हवेतून एक मिलिमीटर पाणी बर्फावर उतरलं की ते साडेसात मिलिमीटर पाण्याएवढा बर्फ वितळवतं. आपल्या वजनाच्या साडेसातपट!

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब जमतात आणि बाटली लवकर कोमट होते, त्याचंही निम्मं कारण हेच.

मग यात वाऱ्याचं काय काम? वारा पडलेला असेल तर बर्फाला लागून असलेली हवा थंड होऊन तिथेच बसून राहते, पांघरुणासारखी. वरची ऊब खाली पोचतच नाही. बशीतल्या चहावर फुंकर घातली की वरची गरम, ओली हवा बाजूला होते आणि चहा भराभर निवतो. बर्फाच्या बाबतीत सौदा उलटा आहे. वारा थंड झालेली हवा हाकलतो आणि उबदार, बाष्पाने भरलेली नवी हवा सतत आणून टेकवतो. म्हणून इथे हिवाळ्यात मी तापमानापेक्षा दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं त्याचा, आकडा बघायला शिकले. पारा 8 अंशांवर असला तरी हवा कोरडी असेल, दवबिंदू शून्याखाली असेल, तर बर्फातून उलट बाष्प उडत राहतं, त्यात उष्णता खर्च होते आणि बर्फ तग धरतो. तेच 8 अंश, पण दवबिंदूही 8, वर सोसाट्याचा वारा, आणि रात्रीसुद्धा पारा उतरायला तयार नाही, असं झालं की एका रात्रीत अंगण काळं दिसायला लागतं. धुकं बर्फ खातं, असं इकडचे जुने लोक म्हणतात. निरीक्षण पक्कं आहे, फक्त आरोपी चुकलाय. धुकं ही खूण, खाणारं ते बाष्प.

ही सगळी सामग्री एकत्र आली म्हणजे काय होतं, हे जानेवारी 1996 मध्ये या राज्याने पाहिलं. 6 ते 8 जानेवारीला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्रचंड हिमवादळ झालं. एकट्या फिलाडेल्फियात 30.7 इंच बर्फ पडला, म्हणजे पाऊण मीटरहून जास्त. पुढच्या आठवड्यात त्यात आणखी भर पडली. नद्या गोठलेल्या होत्या. आणि मग 18-19 तारखेला दक्षिणेकडून दमट हवेचा लोंढा आला, पारा चढला, वारा सुटला आणि वर दोन-तीन इंच पाऊस. दहा दिवस साठलेलं पाणी एका दिवसात नदीकडे निघालं.

साठलेलं पाणी म्हणजे नेमकं किती? बर्फाची जाडी सांगून भागत नाही. ताजा भुसभुशीत बर्फ दहा इंच असला तर त्यात ढोबळमानाने एक इंच पाणी असतं. जुना, दबलेला असेल तर कितीतरी जास्त. हे मोजायची एक पद्धत मला फार आवडते. जमिनीतल्या पोटॅशियम, युरेनियम, थोरियममधून नैसर्गिकरीत्या गॅमा किरण निघत असतात आणि वरच्या बर्फातलं पाणी त्यांना अडवतं. मग जेमतेम दीडशे मीटर उंचीवरून विमान नेऊन किती किरण वर पोचले ते मोजायचं. बर्फ नव्हता तेव्हाच्या आकड्याशी तुलना केली की मधल्या थरात किती पाणी दडलंय ते कळतं. बर्फाला हातही न लावता त्याचं वजन करायचं, असला हा प्रकार.

पण एवढं कळूनही पूर केव्हा येणार हे लगेच सांगता येत नाही, कारण बर्फ आधी पाणी पितो. थंडगार, उणे तापमानाचा थर असेल तर पहिला पाऊस त्याच्या पोटात मुरतो आणि तिथेच गोठतो. गोठताना उष्णता देतो, त्याने थर आतून उबदार होत जातो. सगळा थर शून्यावर आला आणि पाण्याने तुडुंब भिजला की त्याला इथले जाणकार 'पिकलेला' बर्फ म्हणतात. आंबा पिकायला वेळ लागतो, पिकल्यावर देठातून सुटायला लागत नाही. तसंच. तोवर नदी शांत वाटते आणि लोकांना वाटतं, उगाच घाबरवलं. त्यात खालची जमीन ओली होऊन गोठलेली असेल तर ती काँक्रीटसारखी घट्ट झालेली असते. एक थेंब मुरत नाही, सगळं उताराला लागतं.

इथपर्यंतचा पूर आपल्याला ओळखीचा आहे. पाणी जास्त, नदी लहान. गोठलेल्या नदीच्या पुराला मात्र आणखी एक अंग असतं, आणि ते फार खट्याळ असतं.

हॅरिसबर्गला, या राज्याच्या राजधानीत, सस्क्वेहाना नदीचं पात्र जवळपास दीड किलोमीटर रुंद आहे, पण उथळ; मध्ये खडक, बेटं, पुलांचे खांब. थंडीत वर बर्फाचा जाड पापुद्रा धरतो. खालचं पाणी वाढलं की हा पापुद्रा वर उचलला जातो, कडेला तडकतो. ढोबळ अंदाज असा, की थराच्या जाडीच्या दीड ते तीनपट पातळी चढली की बर्फ सुटतो. मग लाद्या वाहायला लागतात. आपल्याकडे मासळी बाजारात दिसते तशी लादी नव्हे. यातल्या काही खोलीच्या फरशीएवढ्या असतात. वळणावर, बेटापाशी, किंवा जिथे उतार संपून पाणी मंदावतं तिथे त्या अडकतात, एकीवर एक चढतात, आणि बघता बघता नदीत बांध तयार होतो. धरणाच्या मागे फुगवटा येतो तसा या बांधामागेही येतो, फक्त त्याला दरवाजे नसतात. पाणी कधी तासाभरात कित्येक फूट चढतं. बांध फुटला की तेच पाणी लाद्यांसकट खालच्या गावावर जातं.

20 जानेवारी 1996 ला हॅरिसबर्गची पातळी 25 फुटांवर गेली. पूर पातळी 17 फूट. तिथला वॉलनट स्ट्रीट पूल एकोणिसाव्या शतकातला, लोखंडी. 1972 च्या ॲग्नेस वादळाच्या पुरानंतर गाड्यांना बंद आणि फक्त पायी चालणाऱ्यांचा. चालताना हलतो म्हणून लाडाने त्याला 'ओल्ड शेकी' म्हणत. ॲग्नेसच्या पुरात पाणी 1996 पेक्षा कितीतरी उंच होतं, तरी पूल टिकला. पण या वेळी पाण्यावर लाद्या होत्या. पश्चिमेकडच्या गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाला, त्या भिडल्या आणि अख्खा गाळा खांबांवरून उचलला जाऊन नदीतून वाहत खालच्या पुलाकडे गेला. एकूण दोन गाळे असे गेले. आजही शहराच्या बाजूने बेटापर्यंत पुलावरून चालत जाता येतं, आणि पलीकडे नदीत मध्येच तुटका भाग दिसतो. पावसाळी पूर पूल बुडवतो. बर्फाचा पूर तो ढकलून देतो.

त्याच नदीच्या वरच्या अंगाला विल्क्स-बॅरी शहर आहे. तिथल्या संरक्षक बांधांची उंची तेव्हा 37 फूट. 1972 मध्ये पाणी 40 फुटांच्या वर जाऊन शहर बुडालं होतं, त्यामुळे या वेळी सुमारे एक लाख लोकांना घरं सोडायला सांगितलं गेलं. पाणी 34 फुटांच्या पुढे जाऊन थांबलं. बांध टिकले. 'एवढी पळापळ कशाला केली' हा सूर अशा वेळी लागतोच, पण तीनेक फुटांच्या फरकावर, तेही बर्फाच्या लाद्या वाहत असताना, शहर झोपू द्यायचं हा जुगार मी तरी खेळले नसते.

शिवाय अशा वेळी अंदाज बांधणाऱ्याचे हात बांधलेले असतात. एरवी नदीची पातळी मोजली की ठरलेल्या तक्त्यावरून विसर्ग काढता येतो: इतके फूट म्हणजे इतके क्युसेक. सांगलीकराला हे गणित तोंडपाठ असतं. बर्फ धरला की हे नातं तुटतं. पाणी थोडंच वाहत असतं, पण लाद्यांनी अडून पातळी चढलेली असते. म्हणून हिवाळ्यात इथल्या मापन केंद्राच्या संकेतस्थळावर विसर्गाच्या आकड्याऐवजी कधी कधी नुसता 'आइस' एवढाच शब्द दिसतो. पहिल्यांदा मला वाटलं यंत्र बिघडलंय. पण यंत्र ठीक होतं, आणि त्याचं ते उत्तरही प्रामाणिक होतं.

राहिला इशारा. अमेरिकेत 'फ्लड वॉच' म्हणजे लक्षणं दिसतायत, तयारीत राहा. 'फ्लड वॉर्निंग' म्हणजे पाणी आलं आहे किंवा येऊ घातलंय. आपल्या हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे रंग साधारण याच चालीचे. गोंधळ होतो तो फोनमुळे. इथे संकट आलं की फोन कर्कश किंचाळतो अशी सगळ्यांची समजूत आहे, पण तो किंचाळतो अचानक येणाऱ्या 'फ्लॅश फ्लड'साठी, आणि अलीकडे तर त्यातल्याही मोठ्या हानीच्या इशाऱ्यांसाठीच. मोठ्या नदीच्या साध्या 'फ्लड वॉर्निंग'ला फोन गप्प असतो. नदीकाठी तळघरात कपडे धुण्याचं यंत्र आणि बॉयलर असलेल्या माणसाला ही शांतता महागात पडते. त्यातून पूर ओसरायच्या आत पाठोपाठ थंड हवा येते आणि तळघरातलं पाणी जागच्या जागी गोठतं. ते उपसता येत नाही, फोडावं लागतं.

म्हणून त्या रात्री मी काय केलं, तर आई जे आयुष्यभर करत आली तेच. झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा नदीची पातळी पाहिली, शेजारच्या रकान्यात दवबिंदू पाहिला. पहाटे अजून वाराच होता, पण दवबिंदू घसरायला लागला होता.

सकाळी आईचाच फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"किती फूट?"

"चौदा."

"चढतंय की उतरतंय?"