व्हिडिओ संकलनासाठी छायाचित्रांचे रिझोल्यूशन

फोटो टाइमलाइनवर, म्हणजे संकलन-सॉफ्टवेअरमधल्या शॉट रचण्याच्या पट्टीवर, घेण्याआधी त्याची पिक्सेलमधली रुंदी-उंची व्हिडिओच्या फ्रेमला आणि योजलेल्या झूमला पुरेल अशी ठरवून घेणे, ही या कामाची व्याप्ती. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत मुंज, साठीशांत किंवा सहस्रचंद्रदर्शनाला दाखवायच्या व्हिडिओत बराचसा माल जुन्या फोटोंचाच असतो, आणि तो पडद्यावर फुटका दिसतो तो बहुधा या तयारीअभावी.

माप काढणे

फुल एचडी फ्रेम १९२०×१०८० पिक्सेलची, म्हणजे जेमतेम २१ लाख पिक्सेल. यूएचडी, ज्याला सर्रास ४के म्हणतात, ती ३८४०×२१६० ची, सुमारे ८३ लाखांची. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ६०००×४००० भरतो. त्यामुळे फोटो जागच्या जागी राहणार असेल तर पिक्सेल सहसा कमी पडत नाहीत. कमी पडतात ते झूममध्ये. हिशोब शॉटच्या सर्वांत जवळच्या क्षणाचा करावा: त्या वेळी फोटोचा जेवढा भाग दिसतो, तेवढ्यात निदान फ्रेमइतके पिक्सेल हवेत. मुंजीच्या ग्रुप फोटोत शेवटी बटूपाशी थांबायचे आहे आणि तिथे फोटोच्या रुंदीचा एक तृतीयांश भाग दिसणार आहे, तर मूळ रुंदी १९२०×३ म्हणजे ५७६० लागते. ६००० चा फोटो फुल एचडीला पुरला. ४के टाइमलाइनला मात्र ११,५२० हवेत. तिथे झूम आवरता घेणे बरे.

फोटोचा आकार ३:२ आणि फ्रेम १६:९, त्यामुळे फ्रेम पूर्ण भरली की ४००० पैकी ३३७५ ओळीच उरतात. मागच्या रांगेतल्या पगड्या आणि पुढे बसलेल्यांचे पाय कापले जातात ते इथे. काय जाऊ द्यायचे हे स्वतः क्रॉप करून ठरवावे, सॉफ्टवेअरवर सोडू नये.

फाइलवर डीपीआय (दर इंचाला किती पिक्सेल) ७२ लिहिलेला असो की ३००, टाइमलाइन फक्त पिक्सेल मोजते. ‘३०० डीपीआय करून पाठवा’ ही मागणी छापखान्याची; व्हिडिओत तिला काही अर्थ नाही.

स्कॅनिंग

डीपीआय खरोखर कामाला येतो तो इथे. लागणारे पिक्सेल भागिले दिसणाऱ्या भागाची इंचातली रुंदी, एवढेच सूत्र. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना कॅबिनेट फोटो पुठ्ठ्यासकट साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा असतो. ६०० डीपीआयला त्याचे २५५०×३९०० पिक्सेल होतात. पणजोबांच्या पगडी-चेहऱ्याचा दीड इंच रुंद भाग फुल एचडी फ्रेमभर दाखवायचा तर १९२० ला १.५ ने भागून १२८० डीपीआय येतो. स्कॅनरवर १२०० निवडावा. मिळणारे १८०० पिक्सेल किंचित ताणले तरी कळत नाही. काचेच्या निगेटिव्हवरून थेट काढलेल्या जुन्या प्रतींत इतका तपशील खरोखर असू शकतो. अलीकडच्या लॅब-प्रिंटमध्ये तो नसतो. अशा प्रिंटवर ६०० च्या पुढे गेल्यावर धूळ आणि कागदाचा पोतच मोठा होतो.

वर्तमानपत्रातल्या कात्रणावर छपाईच्या ठिपक्यांची जाळी असते. ते ६०० ला स्कॅन करून आधी ठिपके पुसट करावेत, मग आकार कमी करावा. क्रम उलटला तर लाटांसारखे पट्टे उमटतात. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नये, वरचा थर निघून येतो. तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून कॅमेऱ्याने टिपावा.

जास्त पिक्सेलचा त्रास

६०००×४००० चा एक फोटो उघडला की आठ बिटांत, पारदर्शकतेच्या चॅनेलसह, सुमारे ९६ एमबी मेमरी घेतो. ३२ बिट प्रक्रियेत ३८४ एमबी. असे पाच-सहा एकावर एक आले की प्रिव्ह्यू अडखळतो.

दुसरा त्रास डोळ्यांना होतो. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दर्शनी भागात कमानी, जाळ्या आणि कठडे दाटीने आहेत. असा मोठा फोटो टाइमलाइनवर लहान करून हळूच सरकवला की बारीक रेषा वळवळतात, चमचमतात. उपाय म्हणजे फोटो-सॉफ्टवेअरमध्ये बायक्युबिक किंवा लँकझोस पद्धतीने तो हिशोबाच्या मापावर आणणे आणि शार्पनिंग न करणे. तरीही चमक राहिली तर अर्धा ते एक पिक्सेल गॉशियन ब्लर द्यावा. स्थिर पाहताना फोटो थोडा मऊ वाटतो, हालताना ते जाणवत नाही. याउलट धक्के बसत असतील तर दोष रिझोल्यूशनचा नसून वेगाचा: एखादी वस्तू फ्रेम ओलांडायला सातेक सेकंद घेईल असा वेग ठेवावा. २५ फ्रेमच्या फुल एचडीत हे दर फ्रेमला साधारण ११ पिक्सेल होतात.

सेटिंग आणि फाइल

प्रीमिअर प्रो या संकलन-सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल टू फ्रेम साइझ’ हा पर्याय फोटो फ्रेमच्या मापाचा करून टाकतो आणि पुढचा झूम त्या लहान चित्रावर होतो. ‘सेट टू फ्रेम साइझ’ मूळ पिक्सेल राखतो. झूम करायचा असेल तर दुसराच घ्यावा. फोटो नेस्ट करून, म्हणजे वेगळ्या टाइमलाइनमध्ये गुंडाळून, मग नेस्टवर झूम दिला तरी हेच नुकसान.

नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो. आडवा असेल तर झूमविना चालून जातो, उभा असेल तर फ्रेम भरत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितले की मूळ फाइल येते. पत्रिका छापणाऱ्याकडून आलेली फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत असते; काही एडिटिंग सॉफ्टवेअर ती उघडतच नाहीत, उघडली तर रंग बिघडतात. ती एसआरजीबीत, म्हणजे पडद्याच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, बदलून घ्यावी. लोगो आणि नावाच्या पट्ट्या पीएनजीत, फोटो ९० च्या वरच्या दर्जाच्या जेपीईजीत ठेवावेत.