मरियमचं निळं वस्त्र आणि बडोद्याचा तैलरंग

जुन्या उस्तादाच्या धर्मचित्राची प्रत करणं ही तैलरंगाची सर्वांत खात्रीची शाळा. १६२८-२९ मध्ये माद्रिदला गेलेल्या चित्रकार रुबेन्सनं, नाव झालेलं असतानाही, आधीच्या पिढीतल्या इटालियन टिशियनच्या ‘आदम आणि हव्वा’ची प्रत रंगवली. मूळ आणि प्रत दोन्ही आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. पुढे १७९३ मध्ये पॅरिसचं लूव्र संग्रहालय खुलं झालं आणि तिथे चित्राची घोडी (ईझल) लावून प्रती करणं हा शिक्षणाचाच भाग बनला.

बडोद्यात तैलरंग रुजवला राजा रविवर्मांनी. त्रावणकोर दरबारात आलेला युरोपीय चित्रकार थिओडोर जेन्सन त्यांना शिकवायला राजी नव्हता. तो रंगवताना बघूनच त्यांनी बरंच उचललं. १८८८ मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं मागवली, म्हणजे पद्धत युरोपची आणि कथा आपल्या. सयाजीबागेतल्या चित्रालयासाठी महाराजांनी युरोपीय चित्रंही जमवली. छापील चित्रात न कळणारी थरांची जाडी तिथे डोळ्यांनी बघता येते, आणि प्रत करणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

पहिल्या अभ्यासाला सतराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार सासोफेराटोची प्रार्थनामग्न मरियम घ्यावी. एकच आकृती, मागे काळोख. सासोफेराटो स्वतः राफेलच्या चित्रांच्या प्रती करत असे. मूळ चित्र साधारण ७३ × ५८ सेंटिमीटर. अर्ध्या मापात चौकटी आखून रेखाटन उतरवा. टर्पेंटाइननं पातळ केलेल्या अंबरनं (मातकट तपकिरी रंग) छाया मांडा.

खरी परीक्षा निळ्या वस्त्राची. तेव्हाचा गडद निळा रंग, अल्ट्रामरीन, लाजवर्दाच्या दगडातून यायचा, फार महाग. आता कृत्रिम सहज मिळतं. ते ट्यूबमधून सरळ जाड थापलं, की घड्या काळवंडून सपाट होतात. आधी पांढऱ्यात थोडं निळं घालून घड्या मूळ चित्रापेक्षा उजळ रंगवा, तेल कमी ठेवून. किमान आठवडाभर वाळू द्या, पावसाळ्यात जास्त. मग जवसाच्या तेलात निखळ अल्ट्रामरीन पातळ करून वरून फिरवा आणि उजेडाच्या जागी कापडानं टिपा. या थरात पांढरा मिसळला तर निळा खडूसारखा मळकट होतो. खालचा थर ओला असेल तर ब्रशसोबत उचलला जातो; त्यात तेल जास्त असेल तर पुढे वरचा थर तडकतो.

पार्श्वभूमीत आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग फार उशिरा वाळतो, म्हणून पहिला हात अंबरचाच द्या. वॉर्निश मात्र सहा महिन्यांनंतरच.