पूर २०२४चा, फाइल २००४ची

पंचगंगेचा पूर ओसरला की काठच्या घरांच्या भिंतींवर गढूळ पाण्याची रेघ उरते. प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून कोल्हापूर शहरापर्यंत अशा रेघांची उंची मोजली, तर पाणी कुठवर चढलं होतं हे नकाशावर नेमकं उतरवता येतं. माहीत असलेल्या बिंदूवर एक जीपीएस रिसीव्हर 'बेस' म्हणून उभा करायचा, दुसरा 'रोव्हर' घेऊन फिरायचं, आणि मोकळ्या जागी घेतलेली उंची लेव्हलनं (उंचीतला फरक मोजणाऱ्या उपकरणानं) भिंतीपर्यंत न्यायची. पुढच्या पावसात किंवा रंगाच्या एका हातात ती रेघ जाते. त्यामुळे अशा मोजणीची रिसीव्हरमधली फाइल बिघडली तर 'परत मोजू' म्हणून चालत नाही.

समजा, मोजणी झाली शनिवारी, ३ ऑगस्ट २०२४ रोजी. रोव्हर मात्र जुना आहे आणि त्याच्या फाइलीत तारीख पडली आहे १८ डिसेंबर २००४. घड्याळाची वेळ बरोबर, वारही शनिवारच! वार जुळतो आणि तारीख वीसेक वर्षं मागे जाते, ही जीपीएसच्या आठवडा-मोजणीतल्या दोषाची अगदी पक्की खूण आहे.

जीपीएसचे उपग्रह तारीख पाठवतच नाहीत. ते आठवड्याचा क्रमांक आणि त्या आठवड्यातले सेकंद पाठवतात. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली, पण मूळ संदेशात आठवड्यासाठी फक्त १० बिट, म्हणजे ० किंवा १ ची दहा घरं, ठेवलेले आहेत. त्यात ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात, म्हणून जुन्या दुचाकीच्या मीटरसारखा हा आकडा पुन्हा शून्यावर येतो. तसं ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये घडलं. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ ची. आपल्या शनिवारचा खरा आठवडा २३२५वा, उपग्रहानं पाठवलेला आकडा २७७. त्यात २०४८ मिळवायचे की १०२४, हे रिसीव्हरमधल्या प्रणालीनं ठरवायचं असतं. प्रणाली जुनी असेल तर ती १०२४ मिळवते आणि थेट २००४ गाठते.

मोजमाप मात्र शाबूत असतं, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. उपग्रहापर्यंतचं अंतर आठवड्यातल्या सेकंदांवर ठरतं आणि ते सेकंद अचूक नोंदलेले असतात. रिसीव्हरनं स्वतः उतरवलेल्या कक्षेच्या माहितीवरही तोच चुकीचा आठवडा असेल, तर साधं स्थान निघतंसुद्धा. अडतं ते अचूक उंचीसाठी रोव्हरच्या नोंदी बेसच्या त्याच वेळच्या नोंदींशी जोडताना. बेस २०२४ मध्ये, रोव्हर २००४ मध्ये. दोघांची समान वेळ सॉफ्टवेअरला सापडत नाही. नंतर मिळणाऱ्या अचूक कक्षांच्या फाइलीही आठवड्याच्या क्रमांकानंच शोधल्या जातात.

पुष्कळजण इथे घाई करतात आणि फाइलीत २००४ च्या जागी २०२४ घालतात. त्यानं १८ डिसेंबर २०२४ होते, तो बुधवार. म्हणजे चूक सुटत नाही, तिचं फक्त रूप बदलतं. खरी दुरुस्ती १०२४ आठवड्यांची, म्हणजे ७१६८ दिवसांची आहे. मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवावी, प्रतीचं रायनेक्स (जीपीएस नोंदींचं सर्व सॉफ्टवेअरना चालणारं मजकूर-रूप) करावं आणि शीर्षभागातली पहिली-शेवटची वेळ, प्रत्येक निरीक्षणाची ओळ, कक्षेची फाइल अशा सगळीकडे ७१६८ दिवस मिळवावेत. सेकंदांना हात लावायचा नाही. फाइलीच्या नावात वर्षातला दिवस असेल तर तो ३५३ चा २१६ करावा.

ड्रोनचे फोटो जोडायचे असतील तर आणखी एक काळजी. जीपीएसची वेळ जागतिक वेळेच्या आज १८ सेकंद पुढे आहे. २००४ मध्ये ती १३ सेकंद पुढे होती. एखादं सॉफ्टवेअर चुकीच्या तारखेवरून हा फरक ठरवत असेल, तर ५ सेकंदांचा घोळ होतो. सेकंदाला १० मीटर जाणारं ड्रोन तेवढ्यात ५० मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून अशा कामात आधी तारीख सुधारावी, फोटोंच्या वेळा मागाहून जुळवाव्यात.

दुरुस्त फाइल बेसशी जोडल्यावर, त्याच दिवशी रोव्हरनं घेतलेला एखादा माहीत असलेला बिंदू तपासावा. त्याची उंची सेंटीमीटरांत जुळली, की भिंतीवरच्या रेघांच्या उंचीही नकाशावर घ्यायला हरकत नाही.