ऋतूवही नेली? मुलाच्या हाती देण्याआधी एवढं वाचा

ऋतूवही म्हणजे मुलांची लिहिण्याची वही: पानोपानी सणावरचा नाहीतर ऋतूवरचा प्रश्न, चित्राला चौकट आणि लिहायला चार ओळी. ती नेणारे पालक काही दिवसांनी दुकानात परत येतात आणि हमखास दोन गोष्टी विचारतात. एक, "याची उत्तरं कुठं छापली आहेत?" दुसरी, "पोरगं दोन पानांच्या पुढं सरकत नाही, काय करावं?" गिऱ्हाइकांच्या गर्दीत नीट सांगणं होत नाही, आठवडी बाजाराच्या दिवशी तर नाहीच. म्हणून हे पत्रक आता प्रत्येक वहीत घालून देतो.

उत्तरं नाहीत. छापायची राहून गेली असं नाही, ती छापताच येत नाहीत. पोळ्याच्या पानावर असं आहे: "आदल्या दिवशी बैलाला 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हटलं. बैल काय बोलला असेल?" एका घरचा बैल म्हणेल, ठोंबरा (शिजवलेली ज्वारी) नको, पुरणपोळीच पाहिजे. दुसऱ्या घरी बैलच राहिले नाहीत, तिथलं लेकरू ट्रॅक्टरला आवतण देईल. तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन फिरणारं तिसरं पोरगं त्या बैलाच्या चाकांची तक्रार लिहील. तिन्ही बरोबर.

दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही वही मागून बघतो, आणि कारण बहुतेक वेळा पहिल्या पावसाच्या पानावरच सापडतं. वर प्रश्न असतो, "पाऊस आला तेव्हा घरात सगळ्यात आधी कोण पळालं, आणि कुठं?" खाली सुबक अक्षरात लिहिलेलं असतं, "मातीचा सुगंध दरवळला. धरणीमातेने हिरवा शालू नेसला." दुसरीतलं लेकरू असं बोलत नाही. हे आईनं नाहीतर ताईनं सांगितलं आणि त्यानं उतरवून घेतलं. कोण पळालं ते राहूनच गेलं. त्याच पोराला तिथंच तोंडी विचारलं की सांगतं, "आजी पळाली, तिच्या कुरोड्या वाळत होत्या. अन् टिनावर इतका आवाज होता का बाबा फोनवर ओरडून बोलत होते." वहीत हेच यायला हवं होतं.

सांगून लिहवून घेण्याचा तोटा त्या पानापुरता राहत नाही. उत्तर मोठ्यांकडे असतं, हे मुलाला एकदा कळलं की पुढच्या पानावर ते पेन्सिल धरून तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. मग तुम्ही चिडता, ते रडतं, वही कपाटावर जाते. ही सवय मोडेपर्यंत अर्धी वही खर्ची पडते आणि तुम्ही नवी घ्यायला येता. विक्री वाढते, नाही म्हणत नाही, पण असा धंदा आम्हाला नको.

त्यापेक्षा वही उघडण्याआधी पाच मिनिटं गप्पा करा. तिथं कोण होतं, आवाज कसला येत होता, मग काय झालं, एवढे तीन प्रश्न पुरतात. पहिली-दुसरीच्या मुलाची बोटं लवकर दुखतात, तोंड दुखत नाही. त्याला बोलू द्या आणि तुम्ही लिहून घ्या, फक्त शब्द त्याचेच ठेवा. 'वावर' म्हटलं तर 'वावर' लिहा, त्याचं 'शेत' करू नका. 'पऱ्हाटी' (कपाशी), 'बंडी' (बैलगाडी), 'धुरा' (बांध) यांनाही खोडू नका. शाळेत प्रमाण भाषा लागते हे आम्हालाही ठाऊक आहे, शाळेच्या वह्या आम्हीच विकतो. पण ही वही परीक्षेची नाही. वरच्या चौकटीत चित्र काढू द्या, आधी काढलं तरी चालेल. पुष्कळ मुलांना चित्र काढता काढताच गोष्ट सुचते.

मग शुद्धलेखनाचं काय? तिसरी-चौथीची मुलं स्वतः लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकवतात. त्या दिवशी लाल पेन बाजूला राहू द्या. दोन-तीन दिवसांनी लिहिलेलं त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा. सुटलेला शब्द बहुधा त्याचा त्यालाच सापडतो. वेलांट्या शाळेच्या वहीत गिरवा.

चारच ओळी का, असंही विचारतात. दहा ओळी दिल्या की लेकरू भरताड करतं. चार ओळी पुरल्या नाहीत तर पान उलटून मागं लिहावं, म्हणून तर मागची बाजू कोरी ठेवली आहे.

आमच्या मुलांना कल्पनाच सुचत नाहीत, असं म्हणणाऱ्यांशी आमचं जमत नाही. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे बैलांपुढं म्हणायची गाणी, ऐकलेलं पोट्टं, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत घरोघरी डबा हलवून खिरापत ओळखणारी पोट्टी, यांना सुचत नाही? भुलाबाईच्या पानावर आम्ही तेवढंच मागितलं आहे: डब्यातल्या खाऊचं नाव न घेता असं लिही की मैत्रिणीला ओळखता आलं पाहिजे. हे पान सहसा अडत नाही.

पानं ऋतूप्रमाणे लावली आहेत, तर ज्या त्या वेळीच उघडा. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला भरते, म्हणून मे-जूनच्या सुट्टीत सगळी वही उरकण्याची घाई होते. ती करू नका. सुट्टीसाठी नवतप्याची, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांची, पानं वेगळी आहेत ("दुपारी घरातलं मांजर कुठं झोपतं, आणि का?", "कुलरला बोलता आलं तर तो काय मागेल?"). पेरणीचं पान पेरणी झाल्यावर, मग मृग कोरडा गेला तरी थांबा. कापूस वेचणीचं पान दिवाळीनंतर, हुरड्याचं थंडीत, पळसाचं फाल्गुनात. डोळ्यापुढं नसलेल्या गोष्टीवर लिहायला लावलं की पुन्हा तो शालू येतो.

वही दोन प्रकारची आहे, नेताना बघून घ्या. एक कापूस-सोयाबीन-संत्र्याच्या भागासाठी. दुसरी धानाच्या भागासाठी, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि ब्रह्मपुरीकडची बाजू. तिच्यात रोवणी (भाताची लावणी) आहे, पहाटे मोहफुलं वेचणं आहे आणि झाडीपट्टीच्या रात्रीच्या नाटकाचं पान आहे: "नाटक बघता बघता तुला झोप लागली. पुढं काय झालं असेल ते तूच ठरव." पाहुण्यांच्या मुलांसाठी नेत असाल तर त्यांचं गाव सांगा, आम्ही बरोबर ती देऊ.

वही 60 रुपये. वही संपल्यावर नव्या प्रश्नांच्या चिठ्ठ्यांचं पाकीट 15 रुपयांना मिळतं, ते कोणत्याही साध्या वहीसोबत चालतं. दरवेळी ऋतूवहीच घ्यावी असं नाही. शाळेसाठी वीसच्या वर घेणाऱ्या गुरुजी-मॅडमना वही 50 रुपयांना. कागद जाड आहे, खोडरबरानं फाटत नाही. शिवण सुटली तर बदलून देऊ, पण पानं भरली म्हणून बदलून मिळणार नाही.

काउंटरवर पत्र्याचा डबा ठेवला आहे. मुलांनी स्वतः तयार केलेले प्रश्न त्यात टाकावेत, मागं नाव आणि इयत्ता लिहून. पुढच्या छपाईत घेतला तर त्या मुलाला पाकीट फुकट.